पेटीत न पडलेलं मत

१९९९ च्या सप्टेंबरात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना मला पहिल्यांदा मतदान केंद्राध्यक्षाचा आदेश आला. त्याआधीच्या निवडणुकांना मी मतदान अधिकारी म्हणून बसलो होतो. यादीत नावं शोधली होती, बोटांना शाई लावली होती. पण केंद्र आपल्या नावावर असणं ही गोष्ट वेगळी. त्यात ही निवडणूक दुहेरी. लोकसभा मुदतीआधी बरखास्त झालेली, आणि राज्यातल्या युती सरकारनेही मुदतीच्या सहाएक महिने आधीच विधानसभा विसर्जित करून दोन्ही मतदानं एकत्र घ्यायचं ठरवलेलं.

तेव्हाची मनःस्थिती आजच्या मुलांना सांगितल्याशिवाय कळायची नाही. १९९६ च्या मे महिन्यात वाजपेयींचं सरकार तेरा दिवसांत गेलं. मग देवेगौडा आले, मग गुजराल. दोघांच्याही पायाखालचा पाठिंबा काँग्रेसने काढून घेतला. १९९८ च्या फेब्रुवारीत पुन्हा मतदान, पुन्हा वाजपेयी. आणि अण्णाद्रमुकने साथ सोडल्यावर १७ एप्रिल १९९९ ला लोकसभेत विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. दूरदर्शनवर आम्ही तो आकडा डोळ्यांनी पाहिला. ओरिसाचे मुख्यमंत्री होऊनही खासदारकी न सोडलेले गिरिधर गमांग मतदानाला कसे आले, सैफुद्दीन सोझ यांनी स्वतःच्या पक्षाचा आदेश डावलून विरोधात मत का दिलं, यावर शाळेत उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत वाद चालले. पर्यायी सरकार येणार असं काही दिवस वाटलं, पण तेही जुळलं नाही आणि २६ एप्रिलला लोकसभा बरखास्त झाली. पुढे मे ते जुलै कारगिलचं युद्ध झालं. काळजीवाहू सरकार असताना देश लढत होता. त्याच उन्हाळ्यात शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर काँग्रेसमधून बाहेर काढले गेले आणि १० जूनला राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. गावोगावी भावकीत उभी फूट पडली.

म्हणजे साडेतीन वर्षांत लोकसभेसाठी तिसऱ्यांदा रांग लागणार होती. लोक येतील का, ही धास्ती आम्हा कर्मचाऱ्यांना खरंच होती.

तालुक्याच्या गावी प्रशिक्षण झालं. सगळा भर दोन कागदांवर होता: पांढरी मतपत्रिका लोकसभेची, गुलाबी विधानसभेची. प्रत्येक मतपत्रिकेच्या पाठीमागे केंद्राध्यक्षाची सही हवी. सगळ्या एकदम करून ठेवायच्या नाहीत, थोड्या थोड्या करायच्या. मतदाराची सही किंवा अंगठा स्थळप्रतीवर, म्हणजे मतपत्रिका फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या भागावर, घ्यायचा आणि मतपत्रिका कशी घडी घालायची ते प्रत्येकाला दाखवून मगच हातात द्यायची. घडी चुकली तर ओल्या शिक्क्याचा ठसा समोरच्या चिन्हावर उमटायचा. शिक्क्यावरच्या फुलीच्या टोकांना बाणासारखी वळणं असायची ती याचसाठी. आरशातल्यासारखा उलटा उमटलेला ठसा आणि मतदाराने मारलेला खरा ठसा मोजणीच्या टेबलावर वेगळे ओळखता यायचे. मला ही गोष्ट तेव्हा फार आवडली होती. मतदार अडाणी असो, हात थरथरणारा असो, त्याच्या मनात काय होतं ते हुडकून काढायची सोय कोणीतरी आधीच विचार करून ठेवलेली आहे, हे जाणवलं. आजही आवडते.

प्रदत्त मताचा, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलं असेल तर खऱ्या मतदाराकडून वेगळं घ्यायच्या मताचा भाग मात्र प्रशिक्षणात दोन मिनिटांत उरकला. ‘असं सहसा होत नाही, पुस्तिकेत वाचून घ्या,’ एवढंच. मी आदल्या रात्री वाचून घेतलं.

महाराष्ट्रात ५ आणि ११ सप्टेंबर असं दोन दिवशी मतदान होतं. आमचा दिवस ११ तारीख, शनिवार. सोमवारी गणपती बसायचे होते, त्यामुळे साहित्य वाटपाच्या मांडवात निम्म्या लोकांच्या बोलण्यात आरास आणि मखर. पत्र्याच्या पेट्या, लाख, मेणबत्त्या, सुतळी, शाईची बाटली, फुलीचे शिक्के, लिफाफ्यांचा हा एवढा गठ्ठा. मतपत्रिकांचे अनुक्रमांक मी तिथेच मांडी घालून तपासले. मागे एसटीवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला, तरी तपासून झाल्याशिवाय उठलो नाही.

गाव डोंगराच्या पायथ्याशी. दोन खोल्यांची शाळा, पत्र्यावर पावसाचा आवाज. कोतवालाने चुन्याची रेघ मारली, ती तासाभरात पावसाने धुतली, त्याने परत मारली. एका पक्षाच्या कार्यकर्त्याने जेवणाचा डबा आणला होता, तो नम्रपणे परत पाठवला. कोतवालाच्या घरून पिठलं-भाकरी आली, तिचे पैसे आम्ही दिले. बाकांवर आडवे झालो पण झोप अशी कोणाला लागली नाही.

सकाळी उमेदवारांचे एजंट आले. गेल्या वेळेला हाताच्या चिन्हासाठी एकाच बाकावर बसलेले दोघे चुलत भाऊ या वेळी एक हाताचा, एक घड्याळाचा. एकमेकांकडे बघत नव्हते. सगळ्यांसमोर पेटी उघडून, उलटी करून रिकामी दाखवली, कागदी मोहरेवर त्यांच्या सह्या घेतल्या आणि मतदान सुरू झालं.

आणि लोक आले. आमची धास्ती पहिल्या तासाभरात गेली. भर पावसात डोक्यावर पोती घेऊन बाया आल्या. म्हातारी माणसं नातवंडांचा हात धरून आली. एक आजोबा शाईसाठी बोट पुढे करत म्हणाले, “गुरुजी, मागल्या खेपेची शाई जाऊन लई दिस नाय झालं.” त्यांच्या बोलण्यात वैताग नव्हता. शिक्का मारून, घडी बरोबर घालून, पेटीच्या फटीत कागद पूर्ण आत गेला का ते त्यांनी वाकून पाहिलं. गावातली काही मुलं फौजेत होती. त्यातल्या एकाच्या आईने विचारलं, त्याच्या मताचं काय? टपालाने येतं असं सांगितल्यावर म्हणाली, “पोचतं ना पन?” पोचतं, म्हणालो. आमची स्वतःची मतंही टपालीच होती.

दुपारच्या सुमाराला पाऊस उघडला तशी शेतावरून थेट आलेल्यांची गर्दी झाली. तेव्हा ती गोष्ट घडली.

चाळिशीच्या एक बाई हातात चिठ्ठी घेऊन पहिल्या अधिकाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. त्याने यादीत नाव शोधलं आणि गप्प झाला. मग माझ्याकडे पाहिलं. यादीच्या चिन्हांकित प्रतीत मत देऊन गेलेल्याच्या नावाखाली रेघ मारतात आणि बाई असेल तर नावाच्या डावीकडे बरोबरची खूणही करतात. त्यांच्या नावाखाली रेघ होती आणि खूणही होती.

“मावशी, तुम्ही सकाळी येऊन गेलात का?”

“न्हाई. आत्ता येतीया नव्हं का रानातनं.” त्यांनी डावं बोट पुढे केलं. चिखल लागलेलं, पण शाईचा ठिपका नाही. मी त्यांच्याकडून बोट पुसून घेतलं, नखाच्या कडेला पाहिलं. काही नाही.

नाव, नवऱ्याचं नाव, घर कुठे, घरात आणखी कोणाकोणाची नावं यादीत आहेत, हे सगळं विचारलं. त्यांनी न अडखळता सांगितलं. एजंटांना विचारलं, तर हाताचा, घड्याळाचा, युतीचा, सगळे एका सुरात म्हणाले, “ह्याच त्या, गुरुजी.” मग सकाळी यांच्या नावावर कोण येऊन गेलं? कोणी बोलेना. सगळे त्याच खोलीत बसलेले होते. नावाविषयी शंका असेल तर दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा अधिकार त्यांना होता, तेवढ्यासाठीच तर त्यांना तिथे बसवतात. मला त्या क्षणी त्या बाकाचा राग आला, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. एक माणूस दुसऱ्याचं नाव सांगून जातो, गाव त्याला ओळखतं, आणि गर्दीत, ओळखीत, भिडेत सगळे मान खाली घालतात.

मी स्थळप्रती काढल्या. मतदाराचा यादीतला क्रमांक स्थळप्रतीवर लिहिलेला असायचा. त्यांच्या क्रमांकासमोर अंगठा होता.

“मावशी, सही करता की अंगठा?”

“सही.” हे सांगताना त्या थोड्या ताठ झाल्या. साक्षरता वर्गात रात्री जाऊन शिकल्या होत्या. कोऱ्या कागदावर त्यांनी करून दाखवली. अक्षरं मोठी, एकेक सुटं, शेवटच्या अक्षरावरची रेघ लांब ओढलेली. मी शिक्षक आहे. अशी सही किती रात्रींनी येते ते मला ठाऊक आहे.

नियमात यासाठी वाट ठेवलेली आहे. मतदाराने प्रश्नांची समाधानकारक उत्तरं दिली तर तिला मत नाकारायचं नाही, प्रदत्त मतपत्रिका द्यायची. गठ्ठ्यातली अगदी शेवटच्या क्रमांकाची. तिच्या मागे ‘प्रदत्त मतपत्रिका’ असं केंद्राध्यक्षाने हाताने लिहायचं आणि सही करायची. मतदाराने आडोशाला जाऊन नेहमीसारखा शिक्का मारायचा, घडी घालायची, पण पेटीत टाकायची नाही. केंद्राध्यक्षाच्या हातात द्यायची. ती वेगळ्या लिफाफ्यात जाते आणि त्याची वेगळी नोंद होते. एक पांढरी आणि एक गुलाबी, अशा दोन्ही मी तयार केल्या. खोलीत इतकी शांतता होती की लिहिण्याचा आवाज येत होता.

त्या आडोशाआडून बाहेर आल्या आणि सरळ पेटीकडे निघाल्या. मी थांबवलं.

“मावशी, पेटीत नाही. माझ्याकडे द्या.”

“का?”

मी सांगायला लागलो. तुमच्या नावाचं एक मत पेटीत आधीच पडलंय. पेटीतला कागद कोणाचा ते ओळखता येत नाही, मत गुप्त असतं, त्यामुळे ते बाहेर काढता येणार नाही. म्हणून तुमचं हे वेगळं जपून ठेवायचं.

“मग मोजायचं कधी?”

खरं उत्तर असं होतं की मोजणीच्या दिवशी ते मोजत नाहीत. निकालाला कोणी उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि न्यायालयाला जरूर वाटली, तरच त्या लिफाफ्याचा विचार होतो. मी तेच सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. खोटं बोलून त्यांना घरी पाठवणं सोपं होतं, पण मला ते करवलं नाही.

त्यांनी दोन्ही कागद हातात घट्ट धरले होते. “म्हंजी माझं मत पडलं का न्हाई पडलं?”

बाकावरचा एक तरणा एजंट म्हणाला, “जाऊ द्या ना काकी, एका मतानं काय हुतंय.”

रांगेतल्या एका म्हाताऱ्याने तिथूनच आवाज दिला, “एका मतानंच तर आज हितं आलोय आपन सगळी.”

तो तरणा गडी खाली बसला. मी बाईंना म्हणालो, “मावशी, तुमचं मत मी माझ्या सहीने लिहून घेतोय. तुमच्या नावावर दुसरंच कोणीतरी मत देऊन गेलं, हे आज कागदावर येतंय. तुम्ही तशाच निघून गेलात तर ते कुठेच येणार नाही.” त्यांनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग कागद दिले. प्रदत्त मतांच्या यादीत त्यांनी सही केली, तीच सुट्या अक्षरांची. शाई लावून घेतली. जाताना एजंटांच्या बाकाकडे मात्र त्यांनी असं काही पाहिलं की त्या दोन चुलत भावांपैकी एकाने डोळे खाली घातले.

मी केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत सगळं लिहिलं: वेळ, यादीतला क्रमांक, स्थळप्रतीवरचा अंगठा, एजंटांनी ओळख पटवली ती गोष्ट. त्यानंतर पहिल्या अधिकाऱ्याला सांगितलं, नाव मोठ्याने पुकारायचं आणि बाकावरून ‘बरोबर’ असं ऐकल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. रांग हळू झाली. थोडी कुरकुर झाली. पण उरलेल्या वेळात तसा प्रकार पुन्हा झाला नाही, आणि एक पोरगा नाव पुकारल्यावर एजंटांनी नुसती मान वर केली तसा रांगेतून निघून गेला, हे मी पाहिलं.

मतदानाची वेळ संपली तेव्हा रांगेत माणसं होतीच. शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढे येत चिठ्ठ्या वाटल्या, म्हणजे मागे नवं कोणी उभं राहू शकत नाही. शेवटचं मत पडल्यावर पेटी बंद केली, सुतळी, लाख, मोहर. मतपत्रिकांचा हिशेब लागेपर्यंत जिवात जीव नव्हता: मिळालेल्या किती, उरलेल्या किती, पेटीत किती असायला हव्यात, रद्द किती, प्रदत्त किती. दोन्ही रंगांचा हिशेब पहिल्या झटक्यात जुळला.

रात्री जीप आली. तालुक्याच्या गोदामापुढे सगळ्या केंद्रांची माणसं पेट्या मांडीशी घेऊन बसलेली, कोणी तिथेच लवंडलेलं. माझा नंबर मध्यरात्रीनंतर लागला. साहित्य घेणाऱ्या कारकुनाने प्रदत्त मतांचा लिफाफा पाहून विचारलं, “हे कोरं आहे ना? सगळ्यांचं कोरंच असतं.” बहुतेक केंद्रांवरून त्या नमुन्यावर ‘निरंक’ लिहून येत असे. कोरं नाही म्हणाल्यावर त्याने तो इतर कागदांच्या ढिगाकडे सरकवला. तो वैधानिक लिफाफा होता, सीलबंद, त्याची जागा वेगळी. मी तो परत हातात घेतला आणि तो योग्य जागी नोंदला गेल्याशिवाय पावती घेतली नाही. मागच्या रांगेतले ओरडले. ओरडू दिलं.

घरी पोचलो तर उजाडलं होतं. हरतालिकेचा दिवस, बायकोने वाळूची पिंड मांडली होती.

देशातलं मतदान ३ ऑक्टोबरपर्यंत चाललं, त्यामुळे आमच्या पेट्या जवळजवळ चार आठवडे कुलपात, पोलिसांच्या पहाऱ्यात राहिल्या. गणपती गेले, पितृपक्ष आला, पारावर रोज नवा अंदाज. ६ ऑक्टोबरला मोजणी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या ४८ जागांपैकी शिवसेनेला १५ आणि भाजपला १३ मिळाल्या. काँग्रेस १०, राष्ट्रवादी ६. त्याच दिवशी, त्याच रांगांतून पडलेल्या गुलाबी कागदांनी मात्र विधानसभेत युतीला १२५ वर थांबवलं. काँग्रेसच्या ७५ आणि राष्ट्रवादीच्या ५८ जागा एकत्र आल्या आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. तिकडे दिल्लीत १३ ऑक्टोबरला वाजपेयींनी शपथ घेतली. लोकांना दोन कागदांतला फरक कळत नाही असं प्रशिक्षणात कोणीतरी म्हणालं होतं. तो निकाल पाहून मला वाटलं, आडोशाआड उभ्या राहिलेल्या पुष्कळ माणसांनी दोन्ही कागदांचा वेगवेगळा विचार केला असणार.

आमच्या मतदारसंघात दोन्ही ठिकाणी विजयी उमेदवार हजारोंनी पुढे होता. कोणी न्यायालयात गेलं नाही. तो लिफाफा उघडण्याची वेळ कधी आली नाही.

दिल्लीतलं ते सरकार टिकलं. पुढची लोकसभा निवडणूक थेट २००४ साली झाली, देशभर यंत्रांवर. मी पुन्हा केंद्राध्यक्ष होतो. प्रशिक्षणात सगळा वेळ बॅलट युनिट, कंट्रोल युनिट आणि जोडणीच्या वायरीत गेला. शेवटी प्रशिक्षक म्हणाले, प्रदत्त मत आता जवळजवळ इतिहासजमा समजा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, यंत्र आलं तरी प्रदत्त मत कागदावरच घ्यायचं आहे, त्याच्या मतपत्रिका आपल्याला पिशवीत मिळणार आहेत, आणि त्या कशा द्यायच्या ते इथल्या प्रत्येकाला यायला हवं. प्रशिक्षकांनी पुस्तिका उघडली. मग त्यांनी मला पुढे बोलावलं आणि खडू माझ्या हातात दिला.